रॅकून धरायचा, मिंक सोडायचा: ओढ्यात सापळा कुठे, किती खोल आणि कसा लावायचा

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सकाळी साडेसहाला टॉर्च घेऊन आमच्या ओढ्यावर सापळे बघायला गेले तर रॅकूनसाठी (मका खाणारं केसाळ जनावर) लावलेल्या सापळ्यात मिंक (मुंगसासारखं पाण्याकाठचं जनावर) होता. मेलेला. इथे अमेरिकेतल्या आयोवात तेव्हा मिंकचा सीझन, म्हणजे त्याला धरायची परवानगी असलेला काळ, उघडा होता, माझ्याकडे फर हार्वेस्टर लायसन्स (फरवाली जनावरं धरायचा परवाना) होतं, म्हणजे कायद्याने काही चुकलं नव्हतं, पण मला तो नकोच होता. आमच्या तळ्याच्या बांधाला मस्करॅट बिळं पाडतात (पाण्यातली घूसच म्हणा) आणि त्यांना आवरणारा प्राणी या ओढ्यावर मिंकच आहे. मी त्यालाच मारून बसले. घरी येऊन कागदावर लिहून काढलं काय काय चुकलं ते. काठात खोदलेलं भोक, भोकात ताजा मासा, दारात दोन इंच पाण्यात हलका सापळा, आणि वर जनावराला खोल पाण्यात नेणारी तार. नंतर शेजारच्या आजोबांना दाखवलं, ते लहानपणापासून ट्रॅपिंग करतात, त्यांनी वाचलं आणि म्हणाले की हा तर मिंकचाच सापळा आहे, रॅकून यात सापडला असता तर ते नशीब.

त्यानंतर त्यांच्याबरोबर ओढ्यावर फिरून जे शिकले आणि दोन सीझन करून पाहिलं ते इथे सगळं लिहितेय. इकडे मिडवेस्टात आता आपल्या बऱ्याच लोकांनी शहराबाहेर थोडी जमीन घेतलीये, स्वीट कॉर्न लावतात, कोंबड्या पाळतात, आणि मग रॅकूनचा त्रास सुरू होतो. एका रात्रीत कणसांची अख्खी ओळ आडवी करतात, एक कणीस अर्धं खाऊन दुसरं मोडतात. माझं माहेर चिपळूणकडचं, तिथे माकडांनी बाग उद्ध्वस्त केलेली बघतच मोठी झालेय, त्यामुळे हा राग काय असतो ते मला कळतं. पण रागाच्या भरात ओढ्यात सापळा टाकला की तो कुणालाही धरतो.

एक गोष्ट आधीच सांगते, हे महाराष्ट्रात करायचं नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावणं हे शिकारीतच धरलंय आणि तिकडे रॅकूनही नाही, मिंकही नाही. युरोपात असाल तरी हा लेख तुमच्या कामाचा नाही, युरोपियन युनियनमध्ये पाय धरणारे सापळे वापरायला बंदी आहे, आणि तिथला मूळचा युरोपियन मिंक नष्ट व्हायच्या काठावर आहे. अमेरिकेतही प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. लायसन्स, कुठल्या जनावराचा सीझन कधी उघडतो, सापळ्यावर नाव-पत्त्याचा धातूचा टॅग लावायचा का, किती तासांनी बघायचा, कुठला साइज चालतो, हे सगळं आपल्या राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याच्या यंदाच्या पुस्तिकेत वाचा, मागच्या वर्षीच्या नाही. काही ठिकाणी नुकसान करणारा रॅकून सीझनबाहेरही धरता येतो पण मिंकचा सीझन तेव्हा बंद असतो, अशा वेळी मिंक सापडला तर नुसती हळहळ नाही, तो गुन्हाही ठरू शकतो.

आधी दोन्ही जनावरं नीट समजून घ्या

मिंक म्हणजे अंगलटीने मुंगसासारखा, लांब, सडपातळ, गडद तपकिरी, हनुवटीखाली बहुतेक वेळा पांढरा ठिपका. नर साधारण एक ते दीड किलो, मादी त्याहून बरीच लहान. रॅकून चार किलोपासून दहा किलोपर्यंत, शरद ऋतूत मका खाऊन माजलेला नर त्याहूनही जड. वजनातला हा फरक आपल्या पुढे फार कामाला येणार आहे.

पण वजनापेक्षा मोठा फरक चालण्यातला आहे. मिंक कडेने जातो. म्हणजे पाणी आणि काठ जिथे मिळतात ती रेघ धरून, भिंतीला अंग घासत, आणि वाटेत येणारं प्रत्येक भोक, प्रत्येक पोकळ मूळ, प्रत्येक पाइप आत डोकावून बघत. त्याला भूक असो नसो, भोक दिसलं की बघणारच. रॅकून पाण्यात शिरतो आणि पुढच्या पंजांनी तळ चाचपत चालतो, डोळे भलतीकडेच असतात, हात मात्र दगडाखाली खेकडे, झिंगे, बेडूक शोधत असतात. त्याच्या तळव्याला केस नसतात आणि पाण्याने भिजल्यावर त्याची स्पर्शाची जाण वाढते असं अभ्यासात दिसलंय. तो खाणं धुऊन खातो अशी जी समजूत आहे ती यातूनच आलीये, त्याच्या शास्त्रीय नावातला लोटोर म्हणजेसुद्धा धुणारा. थोडक्यात, मिंक नाकाने आणि कुतूहलाने भोकात जातो, रॅकून हाताने पाण्यात शोधतो. सापळा हाताच्या वाटेत ठेवा, भोकाच्या वाटेत नको, बाकी सगळं त्यातूनच येतं.

सापळा आणायच्या आधी दोन सकाळी नुसत्या ओढ्यावर काढा. चिखलातला रॅकूनचा पुढचा पंजा अगदी लहान मुलाच्या हातासारखा दिसतो, पाच लांब बोटं, मागचा पाऊल उमटल्यासारखा, तीन-चार इंच लांब. मिंकचा ठसा जेमतेम दीड इंचाचा आणि तो उड्या मारत जातो म्हणून ठसे जोडीजोडीने, थोडे तिरके पडतात. विष्ठेतही फरक आहे, मिंकची बारीक, पिळलेली, काळपट, रॅकूनची जाड आणि मक्याचे दाणे, बिया दिसणारी, आणि ते बरेचदा एकाच जागी येऊन करतात, ओंडक्यावर नाहीतर झाडाच्या बुंध्याशी. तिला हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यालाही लांब ठेवा. रॅकूनच्या पोटात एक जंत असतो, बेलिसअॅस्करिस म्हणतात, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा होऊ शकते. हे घाबरवायला नाही सांगत, खरंच गंभीर आहे.

जागा

जिथे मिंकचे ठसे आहेत तिथे रॅकूनचे कितीही ठसे असले तरी पाण्यात सापळा लावू नका. हा माझा पहिला नियम आणि यातच अर्धं काम होतं. त्याशिवाय काही जागा अशा की ठसा दिसला नाही तरी मिंक आज ना उद्या येणारच, कारण नर मिंक लांबवर फिरतो आणि त्याच वाटेने काही दिवसांनी परत येतो: पुलाखालची काँक्रीटची भिंत, लहान कल्व्हर्ट (रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी), काठाखाली पाण्याने पोखरलेली मुळं, बीव्हरने घातलेला बांध, मस्करॅटची बिळं, लाकडं अडकून साचलेला ढीग, आणि आयोवात खास करून टाइलची तोंडं. शेतातलं पाणी काढायला जमिनीखाली जे पाइप टाकलेले असतात ते ओढ्यात जिथे उघडतात ना, तिथे मिंक शिरतोच शिरतो. हिवाळ्यात तिथलं पाणी लवकर गोठत नाही म्हणून ट्रॅपर लोकांना ती जागा मोहात पाडते. टाळा.

रॅकूनसाठी शोधायची जागा म्हणजे मक्याच्या शेतातून ओढ्यावर उतरणारी मळलेली पायवाट, वळणाच्या आतल्या बाजूचा उथळ सपाट वाळूचा पट्टा, खडीवरून पाणी खळखळत जातं ती जागा, किंवा मोठ्या पोकळ कॉटनवूडच्या नाहीतर सिल्व्हर मेपलच्या झाडाजवळचा काठ. त्यातही काठ उभा नको, हळूहळू उतरणारा हवा. उभ्या काठाला मिंक चिकटून जातो, उतरत्या काठावरून रॅकून सरळ पाण्यात चालत जातो. आमच्याकडे एकच वळण असं आहे जिथे वाळूच्या पट्ट्यावर फक्त हातासारखे ठसे असतात आणि समोरच्या उभ्या काठाला मिंकचे, मधे जेमतेम बारा फूट पाणी. सापळे सगळे अलीकडेच.

खोली, आणि पाणी वरखाली झालं तर

दोन-तीन इंच पाण्यात मिंक चालतो, त्याहून खोल झालं की तो पोहायला लागतो. रॅकूनचे पाय उंच, तो पाच-सहा इंच पाण्यात आरामात चालतो. म्हणजे सापळ्याच्या तबकडीवर, ज्याला पॅन म्हणतात त्याच्यावर, पाच ते सहा इंच पाणी असेल तर मिंक वरून पोहत निघून जातो आणि रॅकूनचा पाय खाली पडतो. मला वाटतं या अख्ख्या कामात यापेक्षा साधी आणि खात्रीची गोष्ट नाही. शिवाय सापळा पाण्याच्या कडेपासून हातभर तरी आत ठेवा, कडेच्या रेघेवर नको.

पण हे सगळं पाण्याच्या पातळीवर टिकून आहे हे विसरू नका. वर कुठे पाऊस थांबला, दोन दिवसांत ओढा चार इंच उतरला की तुमचा सहा इंचाचा सापळा दोन इंचावर आला, म्हणजे तो आता मिंकचा झाला. मी प्रत्येक सापळ्याशेजारी एक काठी रोवते आणि लावताना पाणी जिथवर आहे तिथे चाकूने खूण करते. सकाळी सापळ्याच्या आधी काठी बघायची. दोन बोटांपेक्षा जास्त पाणी उतरलं असेल तर सापळा उचलून आत सरकवायचा, नाहीतर बंद करायचा. चढलं असेल तर मिंकला धोका नाही पण रॅकूनही सापडणार नाही.

तबकडी किती कडक

नवीन सापळा दुकानातून येतो तेव्हा त्याची तबकडी फार हलकी असते, पाव किलोलासुद्धा खाली बसते. बहुतेक फूटहोल्डला, म्हणजे पाय धरणाऱ्या सापळ्याला, तबकडीच्या बोल्टवर स्क्रू असतो, तो आवळला की ती कडक होते. किती करायची? साधारण एक ते सव्वा किलो. रॅकून चालताना एका पायावर सहज तेवढा भार टाकतो, मिंकचं अख्खं वजनच मुळात तेवढं. मोजायला वेगळं यंत्र मिळतं पण मी लिटरची पाण्याची बाटली वापरते, ती म्हणजे एक किलो. सापळा अंगणात सपाट जमिनीवर मांडायचा, बाटलीच्या गळ्याला हातभर दोरी बांधायची आणि दोरीनेच हळूच तबकडीवर टेकवायची, हात जबड्यांच्या वर न्यायचाच नाही. एक लिटरला सुटला तर अजून आवळा. दीड लिटरच्या बाटलीलाही सुटला नाही तर जास्त झालं, जरा सैल करा, कारण पाण्यात रॅकूनचाही भार थोडा कमी होतो. उडी मारून नेमका तबकडीवर आदळणारा मोठा नर मिंक कडक तबकडीतही सापडेलच, म्हणून नुसत्या कडक तबकडीवर विसंबू नका, खोलीबरोबर वापरा.

साइज म्हणाल तर दीड नंबरचा कॉइलस्प्रिंग किंवा अकरा नंबरचा लाँगस्प्रिंग, दोन्हीत डबल जॉ (दुहेरी जबडा) असलेला घ्या. रॅकून अडकलेला पंजा चावतो, हे फार वाईट दिसतं आणि जनावराचे हाल होतात, डबल जॉने ते बरंच कमी होतं. अंग आवळणारे कॉनिबेअर सापळे असतात ते या कामाला मी वापरत नाही, एकशेदहा आणि एकशेवीस नंबर तर मिंक-मस्करॅटच्याच मापाचे आहेत, आणि मोठे घेतले तर सापडलेलं जनावर सोडायची संधीच राहत नाही, शेजाऱ्याचा कुत्राही त्यात जाऊ शकतो.

लावायचे प्रकार, मला पटलेले

सगळ्यात आधी डॉग-प्रूफ. ही एक उभी नळी असते, तोंड साधारण दीड इंच, आत तळाशी ट्रिगर. रॅकून हात घालून खाणं ओढतो आणि अडकतो, पंजा नळीत झाकलेला राहतो म्हणून चावताही येत नाही. मिंकला असं हाताने ओढून काढायची सवयच नाही. मात्र घेताना फक्त ओढल्यावर सुटणारा ट्रिगर घ्या, ढकलूनही सुटणारा नको, कारण नाक खुपसणारं जनावर ढकलतं. पाण्यापासून दोन-चार हात वर, पायवाटेच्या बाजूला नळी जमिनीत घट्ट रोवायची, तोंड दोनेक इंच वर. नवीन माणसाने पहिलं वर्ष फक्त हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्यातच लावायचा असेल तर जुना फॉइलचा प्रकार. सापळ्याच्या तबकडीला अॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळायची, चकचकीत बाजू वर, आणि सापळा पाच इंच पाण्यात वाळूत सपाट बसवायचा, डुगडुगता कामा नये, फॉइल सोडून बाकी सगळं बारीक वाळूने झाकायचं. काहीही खाणं नाही, वास नाही. रॅकूनला तळाशी काहीतरी चमकताना दिसतं आणि तो दाबून चाचपतो. मिंकला त्यात काही वाटत नाही. पाणी स्वच्छ असेल तरच जमतं, पावसानंतर गढूळ झालं की तीन-चार दिवस उपयोग नाही, चांदणं असेल तर उत्तम. माझा सगळ्यात आवडता हाच.

तिसरा, काठातल्या भोकाचा, ज्याने माझा घात केला. हा शक्यतो टाळाच, पण करायचाच झाला तर बदलून करा: भोक आठ इंच रुंद, सापळा भोकाच्या तोंडात नाही तर तिथून दहा इंच मागे, पाण्याच्या बाजूला, आणि मधल्या रेघेपासून दोन-अडीच इंच एका बाजूला, पाणी पाच इंच, तबकडी कडक. रॅकून अंगाने रुंद, त्याचे पाय मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पडतात, मिंक मधून सरळ पोहत भोकात जातो, हुंगतो, निघून जातो.

खाणं गोडच ठेवायचं. मार्शमॅलो सगळ्यात सोपं, पांढरं दिसतं आणि मांजरं फारशी येत नाहीत. वरून दोन थेंब अॅनीस ऑइल, आपल्या बडीशेपेच्या जवळ जाणारा वास. मी एकदा मार्शमॅलो संपले म्हणून गुळाचा खडा आणि मक्याचे दाणे घातले, त्याच रात्री रॅकून आला, तेव्हापासून गूळही असतो डब्यात. ताजा मासा, मस्करॅटचं मांस, मिंकच्या ग्रंथीचा विकत मिळणारा वास, यातलं काहीही नको. मांजराचं कोरडं खाणं लोक सर्रास वापरतात, पण त्याला माशाचा वास असतो, मी बंद केलंय.

बांधणं आणि बुडवायची तार

रॅकून भयंकर ताकदवान. चिखलात एक सळई पुरत नाही, दोन फुटी दोन सळया तिरक्या, एकमेकींना छेद देत ठोका, साखळीत दोन तरी फिरत्या कड्या हव्यात. झुडपाला बांधू नका, उपटून घेऊन जातो.

जुने ट्रॅपर तारेवरून सरकत खोल पाण्यात नेणारी मांडणी करतात, जनावर बुडून मरतं. मी ती पूर्ण सोडली. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन बुडवून मारणं हे वेदनारहित मृत्यूत धरत नाही हे एक, आणि दुसरं, तार असली की चुकून सापडलेला मिंक सकाळी मेलेलाच मिळतो. आता मी साखळी काठाच्या बाजूला ठोकते, जनावराला कोरड्यावर येऊन बसता येईल इतकी लांब, आणि आजूबाजूला गुंतेल असं मूळ-फांदी साफ करते. याची किंमत एवढीच की उजाडायच्या सुमाराला जावंच लागतं, रोज, कंटाळा आला, पाऊस आहे, असं चालत नाही. ज्या दिवशी जमणार नसेल त्याच्या आदल्या संध्याकाळी सापळे बंद. धरलेल्या रॅकूनला मारायचं कसं हेही लावायच्या आधी ठरलेलं हवं, राज्याच्या नियमात बसेल असं आणि एका क्षणात. ते काम स्वतःला जमणार नसेल तर परवानाधारक माणूस बोलवा, त्यात कमीपणा नाही. दुसरीकडे नेऊन सोडणं बऱ्याच राज्यांत बेकायदेशीर आहे, रोग पसरतात.

तरीही मिंक सापडला तर

गाडीत दोन बाय तीन फुटांचा प्लायवूडचा तुकडा ठेवा, एका कडेच्या मधोमध दोन इंचाची खाच कापलेली. मिंक जिवंत असेल तर बोर्ड आपल्या आणि त्याच्या मधे उभा धरून पुढे जायचं, अडकलेला पाय खाचेतून आपल्या बाजूला घ्यायचा, सापळ्याचे लिव्हर दाबायचे आणि बोर्ड तसाच धरून थांबायचं. तो स्वतः जातो. जाड चामड्याचे हातमोजे घालाच, लहान दिसतो पण चावा हाडापर्यंत जातो, आणि घाबरला की असा वास सोडतो की कपडे आठवडाभर घरात आणू नयेत. त्या जागेवर त्या सीझनमध्ये परत सापळा नाही. मेलेला सापडला आणि सीझन बंद असेल तर लपवू नका, राज्याच्या कन्झर्व्हेशन ऑफिसरला फोन करा, ते काय करायचं ते सांगतात.

थंडी पडली की

हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. कडाक्याची थंडी सुरू झाली की रॅकून झाडाच्या ढोलीत नाहीतर बिळात जाऊन दिवसचे दिवस पडून राहतात, खरी शीतनिद्रा नाही, पण बाहेर येत नाहीत. मिंक मात्र पूर्ण हिवाळा फिरतो, बर्फाखालूनसुद्धा. म्हणजे डिसेंबरच्या गोठलेल्या आठवड्यात ओढ्यात राहिलेल्या सापळ्यात जे काही सापडेल ते मिंक किंवा मस्करॅटच असणार. म्हणून काठाला पहिला पातळ बर्फ धरला की त्याच दिवशी मी पाण्यातले सगळे सापळे काढते, मधे ऊब आली आणि परत ठसे दिसले तर तेवढ्यापुरते डॉग-प्रूफ लावते, बस.

काढताना मोजून काढा. लावताना वहीत प्रत्येक सापळ्याची जागा लिहिलेली असते माझी, आणि काठ्यांना वर लाल रिबन, कारण बर्फ पडल्यावर ओढा ओळखू येत नाही. आठ लावले तर आठ घरी आले पाहिजेत. सातच भरले तर आठवा सापडेपर्यंत त्या दिवशी दुसरं काम नाही.